मूळ

फैजपुरातून केळीचे ट्रक रात्री अकराला निघतात.
त्यांचा आवाज सावद्याच्या रस्त्याला विरला की
मी लॅपटॉप उघडते.
वीस घाताची बहुपदी, सहगुणक संमिश्र,
मुळं वीस, पत्ता एकीचाही नाही.

सुमनमावशी अंथरुणातून म्हणते,
"कोनाले मूय धाडते वं माय एवढ्या रातीची?
आखाजी त कव्हाच गेली."

पहिले अंदाज वर्तुळावर मांडायचे.
परवा शेतात भरीत खायला बसलो होतो तसे :
बामणोदची वांगी पळाट्यांच्या जाळात तडकताहेत,
मधे धूर, भोवती आपण.
पण आरशातल्यासारखं समोरासमोर कुणाला बसवायचं नाही,
वर्तुळ किंचित फिरवून घ्यायचं,
नाहीतर दोघं एकमेकांकडे बघत बसतात
आणि हलत कुणीच नाही.
मग ज्याने त्याने आपल्या मुळाकडे सरकायचं,
उरलेल्या एकोणीस जणांना खांद्याने लांब ठेवत.

तीन ओळींत मावतं हे.
मला साडेचार महिने लागले.

कोड पाठवला. तिसऱ्या दिवशी
पोर्तुगालच्या कुणा इनेसचा एकच प्रश्न,
नमस्कार नाही, काही नाही :
दोन ठिपके एकाच जागी आले तर?

तर भागाकार शून्याने.
तर पडदाभर नॅन, नॅन, नॅन.
राग आला. भांडी घासली. परत येऊन चालवून पाहिलं.
बाई बरोबर होती.

दुहेरी मूळ म्हणजे
एका दारात दोन मुऱ्हाळी,
उंबरा आधी कुणी ओलांडायचा यावर अडलेले.
त्यांना थोडं बाजूला सारता येतं, मी सारलं.
पण पंधरा अंकांतले सात तिथे वाहूनच जातात,
ते मला आणता आले नाहीत.
तसं माहितीपत्रकात लिहिलं,
साध्या अक्षरात, पहिल्याच परिच्छेदात.

गुरुवारी पहाटे घेतला त्यांनी.
एक हिरवी खूण. पेढे कुणाला वाटणार?

सकाळी मावशी चहा गाळता गाळता,
"आली का वं, जिले आनाले गेलती ते?"
"अठराजणी आल्या."
"न् बाकीच्या?"
"दोघी एकाच घरात दिल्यात मावशी.
येतात, पण कोणती कोण ते नीट कळत नाही."

तिने गाळणी झटकली.
"मंग दोघीईले सारखंच लुगडं घे."