सेल क्रमांक एकतीस

पाषाणच्या लॅबमध्ये, रात्री पावणेदोनला
ग्लोव्हबॉक्सच्या काळ्या रबरी हातांत माझे हात.
आत आरगॉन, बाहेर डास.

सिलिकॉन हावरट.
लिथियम दिसलं की तिप्पट फुगतो,
ते निघून गेलं की तडकतो,
तांब्याच्या पत्र्यावरून पापुद्रे सुटतात.
तीस सेल असे गेले.
वहीत मी प्रत्येकापुढे लिहिलं : मेला.
सर म्हणतात, निकामी लिही.

मुळशीच्या गिरणीतलं भाताचं तूस,
त्याच्या राखेतून काढलेली ही पूड,
कार्बनमध्ये घट्ट, अगदी घट्ट बसवत होते मी.
भट्टी सांभाळणारे ढमढेरे दारातूनच बोलले,
मॅडम, करंजीत सारण इतकं ठासलं
तर तळताना फुटणारच की.

मी हसले.
मग हसायची थांबले.

एकतिसाव्यात कवच सैल ठेवलं,
कणाभोवती थोडी मोकळी जागा,
कुणी उशिरा जेवायला येणार असेल
तर पानाशेजारी ठेवावी तशी.

आज चारशे बारावी फेरी.
रेघ अजून आडवी आहे. जराशी कललीय,
खोटं कशाला बोलू.
विद्यापीठाच्या झाडांमागे उजाडतंय.
ढमढेऱ्यांना अजून सांगितलं नाही.
वहीत एवढंच :
३१. चालू.