शेंगदाण्याचं मार्झिपान

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर,
मी वही उघडली, मागच्या बाजूने,
जिथे दूधवाल्याचे खाडे लिहिते.
काजू, किलोला हजार वीस.
तुकडा घ्या ना, दुकानदार म्हणाला, नऊशेला देतो.
अंडं साडेआठ रुपयांना एक,
आणि मार्झिपानाला त्यातलं नुसतं पांढरं लागतं.

गेल्या साली या घरातून बावीस ताटल्या निघाल्या होत्या
क्रोशाच्या रुमालाखाली,
क्रुसाच्या चौकापासून थेट मेट्रोच्या खांबापर्यंत,
जितकं मरोळ गावठाण अजून गावठाण आहे तितक्या सगळ्या दारांत.
यंदा अकराच दे, इनास म्हणाला.
कुठली अकरा, ते काही बोलला नाही.
नावं खोडायचं काम बायकोकडे.

पेन्सिलीने तीन खोडली.
मिस्किटा, टॉवरात गेले, तिथे वॉचमन ताटली हुंगून बघतो.
पास्कूची बहीण, डायबेटिस.
तिसरं नाव सांगत नाही, जुनं भांडण आहे.
मग खोडलेलं खोडलं रबराने,
कागद तिथे पातळ झाला.

शेंगदाणे एक किलो, एकशे साठ.
रात्रभर भिजवले. सकाळी
एकेकाचं साल बोटांनी काढलं,
नखं तांबूस झाली, कमरेत कळ आली,
पण एक टरफलसुद्धा मागे ठेवलं नाही.
साखर, गुलाबपाणी,
बदामाच्या इसेन्सचे चार थेंब, एरवी एक पुरतो.
गुलाबी रंग जरा सढळ हाताने.
रबराच्या साच्यातून मासे निघाले, शिंपले निघाले,
उजेडात नीट धरून बघितले. चालतील.

कलकल मोठाले वळले, म्हणजे ताटली लवकर भरते.
नेवऱ्यांत खोबऱ्याला रव्याची सोबत.
विंदालूत एक किलो मटण, एक किलो बटाटे.
नावातच आलू आहे की, धाकटा म्हणाला,
आणि मी त्याला पहिल्यांदाच
जेवणाबद्दल बोलला म्हणून रागावले नाही.
मागच्या वर्षीच्या चांदणीला बटर पेपरचं ठिगळ,
दिवा दहाला बंद.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी जेनेसा बावीस खेपा घालून आली,
पाय आपटत.
आमच्यात ताटली रिकामी परत येत नाही.
ऑडिलाची आली, तिच्या आईने विणलेल्या रुमालाखाली,
दोन डेट रोल, पाच कलकल (तेही मोठाले),
आणि एक गुलाब, फारच गुलाबी.
मी पाकळी चावली.
दाताखाली साल आलं.
बारीक, तांबूस, कडवट,
शेंगदाण्याचं.

स्वयंपाकघरात उभी राहून मी ते अख्खं गुलाब खाल्लं,
सावकाश,
दार लोटून घेऊन.

रात्रीच्या मिस्साला ती माझ्याच बाकावर.
परफ्युम तोच, दुबईच्या दिराने तीन वर्षांपूर्वी आणलेला,
आता तळाशी आलेला असणार.
काजू काय महाग गं यंदा, ती कुजबुजली.
हो ना, मी म्हटलं. पण नाताळला काजूशिवाय
चालतं का आपलं?
छे, कसं चालेल, ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी एकदम समोर बघू लागलो,
गोठ्याकडे,
जिथे डब्यांच्या झाकणांत पेरलेली नाचणी
या खेपेला दाट उगवली होती.
एक मूठ लागते तिला, आणि पाणी.

घरी आल्यावर इनासने शेपटी तुटलेला मासा तोंडात टाकला.
चावला. थांबला.
शेंगदाणा का?
खा गुपचूप.

तो झोपल्यावर हिशेब लिहिला.
गेल्या बावीस, आल्या एकोणीस,
तीन अजून लोकांकडे आहेत, त्यात निळ्या काठाची एक.
खाली जागा उरली तिथे लिहिलं,
पुढच्या साली ऑडिलाला सांगायचं,
शेंगदाणे रात्रभर भिजव, तासाभराने साल सुटत नाही.

मग बराच वेळ पेन्सिल चावत बसले.
सांगायचं कसं?