साक्षीदार क्रमांक दोन

बापानं चादरी विणल्या, यादगिरीनं अंथरल्या,
ओहायोतल्या एका मोटेलात, एकतीस वर्षं,
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या झोपेखाली.
तिकडं त्याला गॅरी म्हणत.
साखर पेठेत परत आला तेव्हा पोरं ओरडली,
अमेरिकन म्हातारा आला.
आला तो माझा धाकटा भाऊ,
दोन बॅगा, एक बदललेला गुडघा,
बायकोची राख तिथल्याच नदीत सोडून.

त्याला तिकडच्या सरकारचे पैसे येतात, दरमहा.
मलाही येतात इकडच्या. अकराशे सत्तर.
बत्तीस वर्षं विड्या वळल्या, त्याचे.
एका विडीमागं किती पडले
हा हिशेब यादगिरीनं एकदा मांडला,
आणि कागद फाडून टाकला.

त्याच्या पाकिटात एक कार्ड असतं,
लाल पट्टी, निळी पट्टी.
पासष्टीनंतर दवाखान्याचं सरकार बघतं, अक्का, म्हणायचा.
मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं.
रिक्षात घालून होटगी रोडला नेला.
काउंटरवरच्या पोरीनं कार्ड उलटंपालटं केलं:
हे इथं नाही चालत, आजोबा. आधार आहे का?

ते कार्ड समुद्र ओलांडत नाही.
हप्ता ओलांडतो, दरमहा, न चुकता कापून जातो.
मग बंद का नाही करत?
उद्या परत गेलो तर, अक्का?
ज्याला जिना उतरवत नाही
त्याला मी काय बोलू.
बिल रोख भरलं. त्याचे डॉलर पुरेनात,
उरलेलं माझ्या पतसंस्थेतून.

नोव्हेंबरात मला सांगायला जावं लागतं
की मी आहे.
अशोक चौकात वासीमच्या झेरॉक्सच्या दुकानात
मशीनवर अंगठा टेकायचा.
लाल दिवा. पुन्हा लाल.
तंबाखूनं, दोऱ्यानं, तेंदूच्या पानानं
रेघा कधीच खाऊन टाकल्यात.
वासीम म्हणतो, खोबरेल लावा. पुसा. दुसरं बोट बघू.
जुळत नाही.
मग तो मोबाइल धरतो तोंडासमोर:
नरसम्मा, डोळे मिचकवा.
मिचकवले.
अजून एकदा.
सत्तरी ओलांडलेल्या बाईला भर चौकात
डोळे मारायला लावले सरकारनं!
मला हसू फुटलं, फोटो हलला,
सगळं पहिल्यापासून.

त्याच आठवड्यात यादगिरीचं पाकीट आलं, खिडकीवालं.
पत्ता तोच आहे का.
काम करता का.
पुन्हा लग्न केलंत का?
(यावर तो अर्ध्या तोंडानं हसला.)
खाली सही.
उजवा हात उचलेना. डाव्यानं फुली काढली,
वाकडी, मागावर धागा तुटतो तशी.
फुलीला दोन साक्षीदार लागतात.
पहिले खालच्या मजल्यावरचे कोंतम मास्तर,
इंग्रजीत, खाली रेघ मारून.
दुसरी मी.
रात्रशाळेत शिकलेली सही, तेलुगूत, चार अक्षरं,
त्यातलं शेवटचं जोडाक्षर मला नेहमीच मोठं येतं.

जिचा अंगठा गावात जुळत नाही
तिनं अमेरिकेच्या सरकारला लिहून दिलं
की हा माणूस माझ्यासमोर जिवंत आहे.
कोणी उलट विचारलं नाही.

त्याचे पैसे आले. माझे अजून नाहीत.
वासीम म्हणतो, सर्व्हर.

रात्री जेवताना यादगिरी डाव्या हातानं
कडक भाकरी मोडत असतो,
अर्धी ताटात, अर्धी मांडीवर.
मी त्याच्याकडं बघून डोळे मिचकवते.
तोही मिचकवतो. त्याचा एकच मिटतो.
काय गं?
काही नाही, म्हटलं. दाखला.
चटणी घे.