टिपाड

नळ येऊन नऊ दिवस झाले.
टिपाडात हातभर पाणी,
आणि पाण्यात वळवळणारे
काळे स्वल्पविराम.

आशावाली अयोध्याताई टॉर्च मारून म्हणते,
"ओता हे. कोरडा दिवस पाळा."
मी म्हणलं, बाई,
उदगिरात ओला दिवस कोणता
तेवढं सांगून जा.

ती हसते. खडूनं दारावर आकडा टाकते,
पुढच्या घराकडं वळते.
तिच्याही दंडावर गांधी उठलेल्या.

मग सासऱ्यांचं जुनं धोतर दुहेरी करून
मी घागर घागर गाळते.
फडकं तापल्या फरशीवर झटकलं
की अळ्या चहा निवायच्या आत वाळतात.
पाणी परत टिपाडात.
वर परात, परातीवर पाटा.

रात्री लाइट नाही.
गच्चीवर लिंबाच्या पाल्याचा धूर;
डोळे आमचेच चुरचुरतात,
डास गफूरभाईंच्या गच्चीवर जाऊन
पाहुणचार घेऊन येतात.
धाकटा झोपेतच टाळी वाजवतो,
पुटपुटतो, "सतरा."

कानाशी बारीक सूं.
मी हात उगारते
आणि तसाच धरून ठेवते:
डास आहे,
का खाली, उघड्या ठेवलेल्या तोटीतून,
पाण्याच्या आधी येणारी हवा?