खड्डा क्रमांक दोनशे सदुसष्ट

नारळ वाढवला तेव्हा तपोवनात
फोटोला उभं राहायला जागा पुरत नव्हती.
कुदळीला हळदकुंकू, साहेबांना शाल,
पेढे तर ड्रायव्हरांपर्यंत पोचले.

सिंहस्थ सरला.
साधू गेले, तंबू गेले,
शाल घेणारे बदलीवर गेले.
उरलो आम्ही दोघं:
मी, कनिष्ठ अभियंता, नोकरीचं दुसरं वर्ष,
आणि वायरमन पुंजाराम गांगुर्डे,
निवृत्तीला चार महिने.

उभे केलेले खांब चारशे बारा.
भांडारात परत आलेले चारशे बारा.
बुजवलेले खड्डे
चारशे अकरा.

मी म्हणाले, मामा, एका खड्ड्याचं काय घेऊन बसलात,
अंतिम बिल अडलंय, दिवसातून तीनदा फोन येतोय.
ते म्हणाले, जमीन जशी घेतली तशी द्यायची,
असं कागदावर आहे ना मॅडम?
तुम्हीच वाचून दाखवलं होतं.

त्या संध्याकाळी मी मोजमाप पुस्तकात लिहून टाकलं:
काम पूर्ण.
तारीख. सही.
स्कूटर काढली आणि गंगापूर रोडला घरी गेले.
वरणभात नीट गेला नाही, एवढंच.

पुंजाराम मात्र बॅटरी घेऊन
रात्री रांगेरांगेने फिरत होते.
चाळीस पावलं, बुजवलेला खड्डा.
चाळीस पावलं, बुजवलेला खड्डा.
चाळीस पावलं,
पिंगळ्यांची नुकती उगवलेली मेथी,
कडेला सडक्या झेंडूचा ढीग,
आणि ढिगाखाली तो,
कमरेइतका खोल,
तळाशी अर्थिंगची तार अजून तशीच.
एखादं वासरू पुरेसं होतं.

सकाळी मी पोचले तेव्हा तार गुंडाळून बाजूला ठेवली होती.
माती, पाणी, धुम्मस.
पुन्हा माती, पाणी, धुम्मस.
झालं का, मी विचारलं.
नाही. माती बसते. परवा यायचं.

परवा गेलो.
माती वीतभर खाली गेली होती.
त्यांनी आणखी दोन घमेली ओतली,
पायाने चापली, तळव्याने सारखी केली,
आणि आमच्या घरी उत्तरपूजेला
अक्षता टाकून वडील मूर्ती जागची हलवायचे
तसा हात क्षणभर तिथेच ठेवला.
येतो, म्हणाले.
कोणाला, ते मी विचारलं नाही.
शेतात तर आम्ही दोघंच.

ऑफिसात येऊन मी आधीची तारीख खोडली,
नवी घातली, शेजारी छोटी सही.
सबंध पुस्तकात तेवढीच एक खाडाखोड.

पुढच्या वर्षी ऑडिटवाल्यांनी
तिच्याभोवती लाल गोल काढला
आणि लेखी खुलासा मागितला.

मी लिहिलं:
माती बसायला वेळ लागला.