सव्वीस टाचण्या

पहिल्या रात्री माझे सगळे जेवणारे
लिथुआनियात जाऊन बसले.
आधी पंचवीस लिहायचं, मग पंचावन्न.
मी उलटं लिहिलं,
आणि शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातली सव्वीस माणसं
उठून गेली कुठल्याशा बर्फाळ रानात.
डबे इकडेच.
रिन्शा हसून हसून सोफ्यावरून घसरली.
शेजारच्या मल्याळी घरातली, आठवीतली पोर, माझी गुरू.
फी : रोज दोन घावन, नारळाच्या रसासकट.

टाचणी, रेघ आणि बंद आकार,
सगळी दुनिया एवढ्यात बसते म्हणाली.
डबा पोचतो ती टाचणी.
बाइक जाते ती रेघ.
बंद आकारासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं,
म्हणून वाळूचं ते मैदान रंगवलं
जिथे ट्रक उभे राहतात, आणि शुक्रवारी क्रिकेट.
जांभळं केलं.
'आंटी, नकाशा आहे, साडी नाही.'

इथे पत्ता कुणी सांगत नाही.
टायरवाल्याच्या मागे, पठाणी हॉटेलच्या अलीकडे,
निळा पाण्याचा टँकर असतो तिथून आत.
टँकर कामावर गेला
की माझी आमटी चकरा मारून गार.
अकरा वर्षं हे सगळं डोक्यात होतं;
डोकं कुणाला पाठवता येत नाही.
आणि मोतालिब नवा, सिल्हेटहून आलेला,
दिवसाला चाळीस वेळा फोन.

पाठवताना मात्र बोट थांबलं.
'लिंक असेल त्या कुणालाही दिसेल.'
कुणालाही म्हणजे कुणाला?
तोडणकर, खोली ३०४, साखर वाढलेली.
परुळेकर, दोन महिन्यांचे पैसे थकलेले.
हे मी घरात नवऱ्यालाही सांगत नाही.
एकेक नाव खोडत गेले.
राहिलं नुसतं खाणं :
भाकरीच हवी. कांदा नको. भात वेगळा बांधा.
कुळथाची पिठी असली की डबा धुऊन परत.
कोपऱ्यात रंगांची सूची.
हिरवा शाकाहारी, पिवळा गोड वर्ज्य,
आणि एक राखाडी, ज्याच्यापुढे मी काही लिहिलं नाही.
व्हिसा रद्द होऊन गेलेल्याची टाचणी
एका बोटाने पुसता येते.
मी तो थर फक्त लपवला.

तिसऱ्या दिवशी मोतालिबने स्वतःची एक टाचणी टोचली,
विचारलंही नाही.
उघडून पाहिली : कडुनिंबाचा फोटो, खाली त्याची बाइक.
'छाया. बारा ते तीन.'

लिंक कुठे कुठे फिरली देव जाणे.
काल रात्री राजापूरहून फोन.
'मी तोडणकरांची मंडळी. नकाशा आलाय कुणाकडून तरी.
यातले आमचे कोणते?'
सांगायचं नव्हतं. सांगितलं.
मोठा करा. अजून. टायरचं दुकान दिसलं?
त्याच्या डाव्या हाताला, पिवळी.
बराच वेळ ती बोलली नाही.
पिवळ्याचा अर्थ कोपऱ्यात होता,
मीच लिहिलेला.
मग तिने विचारलं ते दुसरंच :
'खोलीला खिडकी आहे का हो?'

अकरा वर्षं डबा त्या दारात जातोय.
जिना कुठला, लिफ्ट कधी बंद,
वॉचमन कितीला झोपतो,
सगळं आहे माझ्याकडे.
खिडकी नाही.

आज मोतालिबला म्हटलं, ३०४ ला गेलास की वर बघ.
दुपारी दोनला निरोप, बहुतेक कडुनिंबाखालून :
'आहे. तिच्यात एसी बसवलाय.'

नवा थर उघडून बसलेय.
नाव काय द्यावं, रिन्शाला विचारणार होते,
पण तिचा उद्या गणिताचा पेपर.