गुण्या

दारूखान्यातून आणलेलं प्लायवूड
बाबांनी खिडकीकडच्या भिंतीला उभं टेकवलं.
शिवडीची खोली, भाऊ दोन,
भिंत मात्र एकच, सरळ:
एकशे ऐंशी अंश, वर एक पैसा नाही.

आमचा कोन उघडला
की जयरामकाकांचा तेवढाच मिटे.
नववीत होते मी. पूरक म्हणजे
मदतीला येणारे, असं वाटायचं तोवर.

"सारखं द्या ना दोघांना," काकू म्हणाल्या.
पूरकही आणि एकरूपही,
अशी जागा एकच असते, नव्वदची.
काकांनी गुण्या लावला. काटकोन चोख बसला
आणि फळीचं दुसरं टोक थेट
मोरीच्या दाराच्या मध्यावर.
अर्धं दार आम्हाला, अर्धं त्यांना.
"नांदा आता गुण्यागोविंदानं," काकू हसल्या,
एकट्याच.

मग कललं प्लायवूड. मोरी आमच्यात आली,
त्यांनी ठोठावून यायचं.
आमच्याकडे शंभर, त्यांच्याकडे ऐंशी.
काका त्या रात्री जेवले नाहीत.

दिवे मालवायच्या आधी
मी कोनमापक घेऊन मोरीकडच्या भिंतीशी बसले.
"उल्हास, तुझ्या बाजूला किती, बघ."
फळीपलीकडे कंपासपेटी खडखडली.
खूप वेळ लावला त्यानं, दोनदा मोजलं असावं.
"शंभर. तुझ्याकडे?"
"ऐंशी."

काका कुशीवर वळल्याचा आवाज आला.
"भिंती तरी समांतर आहेत म्हणायच्या,"
उल्हास हळूच म्हणाला,
आणि पेटी मिटली.